पाऊण सेकंदात निवड कशी होते

संगणकाच्या पडद्यावर पांढरे ठिपके हलतायत. बरेचसे सैरावैरा, थोडे एकाच दिशेने. समोर बसलेल्या माणसाने एवढंच सांगायचं की एकूण ओघ डावीकडे आहे की उजवीकडे. समजा दोन जणांनी ही चाचणी दिली आणि दोघांचीही शंभरात ८८ उत्तरं बरोबर आली. पहिल्याला एका उत्तराला सरासरी १.०६ सेकंद लागले, दुसऱ्याला ०.४९ सेकंद.

नुसते गुण पाहिले तर दोघं सारखे. नुसता वेळ पाहिला तर दुसरा चपळ. दोन्ही आकडे एकत्र घेऊन गणिती मॉडेलमध्ये घातले, तर वेगळंच चित्र निघतं. पहिल्याला ओघ अंधुक जाणवतोय, पण उत्तर देण्याआधी तो दुप्पट पुरावा जमवतोय. दुसऱ्याला तो दुप्पट स्पष्ट जाणवतोय आणि तो निम्म्या पुराव्यावर बटण दाबून मोकळा होतोय. माणसं काल्पनिक आहेत, आकडे मात्र सूत्रातून काढलेले आहेत. ते कसे निघतात ते पुढे येईल.

दिसणं कुठे संपतं आणि ठरवणं कुठे सुरू होतं, याची फोड करणं हे माणूस निर्णय कसा घेतो ते अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांचं मुख्य काम आहे. माणसाने काय निवडलं एवढ्यावरून ती फोड होत नाही. निवड आणि निवडीला लागलेला वेळ, दोन्ही प्रत्येक फेरीचे नोंदवावे लागतात. आमच्या मते हा मुद्दा एकदा पक्का बसला की बाकीचा विषय सोपा आहे.

ठिपक्यांची चाचणी

ठिपक्यांची चाचणी दिसायला पोरखेळ, बनवायला अवघड. ठिपके एका गोल चौकटीत असतात. गोलाचा व्यास साधारण ५ अंश. इथे मोजमाप सेंटिमीटरमध्ये न करता डोळ्याशी होणाऱ्या कोनात करतात, कारण डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा केवढी पडते ते कोनावर ठरतं. म्हणून बहुतेक ठिकाणी माणसाला पडद्यापासून ५७ सेंटिमीटरवर बसवतात. त्या अंतरावर पडद्यावरचा १ सेंटिमीटर जवळजवळ बरोबर १ अंशाचा होतो आणि हिशेब तोंडी करता येतो. हनुवटी टेकवायला स्टँड असतो. तो नसेल आणि माणूस कंटाळून १० सेंटिमीटर पुढे सरकला, तर त्याच्यासाठी ठिपक्यांचा वेग ५ अंश प्रति सेकंदावरून ६ अंशांवर जातो. चाचणी बदलली आणि कुणाला कळलंही नाही.

एकाच दिशेने जाणाऱ्या ठिपक्यांचं प्रमाण दर फेरीला बदलतात. नेहमीची पायरी अशी: ०, ३.२, ६.४, १२.८, २५.६ आणि ५१.२ टक्के. शून्य सोडलं तर प्रत्येक टप्पा आधीच्याच्या दुप्पट. ० टक्क्यांना बरोबर उत्तरच नसतं, तरी ही फेरी ठेवतात. माणसाचा मुळातला कल कोणत्या बटणाकडे आहे, ते तिथे उघडं पडतं.

आता खरी अडचण. सगळ्या ठिपक्यांकडे मिळून पाहण्याऐवजी माणूस एखादा ठिपका धरून त्याच्यामागे नजर नेऊ शकतो. तसं झालं तर चाचणी ओघ मोजत नाही, पाठलाग मोजते. यावर उपाय म्हणून ठिपक्यांचे तीन संच करतात आणि ते आळीपाळीने दाखवतात. पहिल्या फ्रेमला पहिला संच, दुसरीला दुसरा, तिसरीला तिसरा, आणि चौथ्या फ्रेमला पुन्हा पहिला, काही ठिपके पुढे सरकवून आणि उरलेले भलत्याच जागी टाकून. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, आणि एकाच संचातलं अंतर ५० मिलिसेकंदांचं. एवढ्यात एका ठिपक्याचा माग काढता येत नाही. नवशिक्यांच्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक वेळा हीच गोष्ट राहून जाते आणि मग ३.२ टक्क्यांनाही लोकांची ९५ टक्के उत्तरं बरोबर यायला लागतात. असा निकाल दिसला की माणसांचं कौतुक करण्याआधी कोड तपासावा.

वेळेच्या नोंदीचंही तेच. साधा युएसबी कीबोर्ड दाबल्याची खबर संगणकाला १० ते ३० मिलिसेकंद उशिरा देऊ शकतो, आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो. सरासरी काढताना तो फारसा बोचत नाही. पण घरोघरी वेगवेगळ्या मशीनवर ऑनलाइन चाचणी घेऊन दोन माणसांमधला २० मिलिसेकंदांचा फरक अर्थपूर्ण आहे असं सांगणं धाडसाचं आहे.

मॉडेलचे चार भाग

या मॉडेलला ड्रिफ्ट-डिफ्युजन मॉडेल म्हणतात. त्याचं मूळ मानसशास्त्रात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अब्राहम वाल्ड या गणितज्ञापुढे एक व्यावहारिक प्रश्न होता: मालाची तपासणी करताना किती नग तपासले की लॉट चांगला किंवा वाईट ठरवता येईल? नग आधीच ठरवून तपासण्यापेक्षा एकेक तपासत जावं, प्रत्येक नगामागे पुराव्याची बेरीज करत जावी आणि बेरीज वरच्या किंवा खालच्या मर्यादेला लागली की थांबावं, हे त्याचं उत्तर. तेवढ्याच खात्रीसाठी या पद्धतीत सरासरीने कमी नग लागतात. भारतात व्याख्यानांसाठी आलेला असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात वाल्ड आणि त्याची पत्नी मरण पावले. माणसाचं मन याच पद्धतीने पुरावा जमवत असेल, ही कल्पना पुढे मानसशास्त्रज्ञांनी उचलली. १९७८ मध्ये रॉजर रॅटक्लिफ यांनी तिला आजचं रूप दिलं. तेव्हा त्यांचा विषय दृष्टी नव्हता, स्मृती होता.

दोन समांतर भिंतींमधल्या गल्लीत एक माणूस झोकांड्या खात चाललाय अशी कल्पना करा. ज्या भिंतीला तो आधी धडकेल, ते उत्तर. मॉडेलमध्ये चार गोष्टी ठरवायच्या असतात.

पहिली, पुराव्याचा वेग: दर सेकंदाला झुकाव बरोबर उत्तराच्या भिंतीकडे सरासरी किती सरकतो. हा वेग दिसण्याच्या स्पष्टतेवर अवलंबून असतो. ठिपक्यांचं प्रमाण वाढलं की तो वाढतो. दुसरी, भिंतींमधलं अंतर: ठरवण्याआधी किती पुरावा हवा. ही सावधगिरी, आणि ती माणसाच्या हातात असते. "लवकर सांगा" म्हटलं की भिंती जवळ येतात. तिसरी, सुरुवातीची जागा: गल्लीच्या मध्यावर की एका भिंतीला धरून. पडद्यावर काही दिसण्याआधीचा कल इथे नोंदला जातो. चौथी, निर्णयाबाहेरचा वेळ: डोळ्याकडून मेंदूकडे खबर जायला आणि बोट हलायला लागणारा वेळ. साध्या चाचण्यांत हा साधारण ०.३ सेकंद धरला तर चूक होत नाही. यांखेरीज झोकांडी म्हणजे नॉइज, पुराव्यातला बेभरवशी चढउतार. तिचं माप बहुतेक वेळा १ धरतात, आणि बाकी सगळं त्या मापात मोजतात.

सुरुवात मध्यावरून असेल तर हिशेब दोन ओळींचा आहे. वेग आणि अंतर यांचा गुणाकार करा. गुणाकार २ आला तर बरोबर उत्तरांचं प्रमाण ८८ टक्के. गुणाकार १ आला तर ७३ टक्के. पहिल्या माणसाचा वेग १ आणि अंतर २. दुसऱ्याचा वेग २ आणि अंतर १. गुणाकार दोन्हीकडे २, म्हणून गुण सारखे. वेळ मात्र सारखा नाही: पहिल्याला ठरवायला सरासरी ०.७६ सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.१९. त्यात निर्णयाबाहेरचे ०.३ मिळवले की १.०६ आणि ०.४९. आता पहिल्यालाच "घाई करा" म्हटलं आणि त्याचं अंतर २ वरून १ झालं, तर वेळ ०.५३ वर येतो आणि गुण ८८ वरून ७३ वर घसरतात. त्याला दिसतंय पूर्वीइतकंच.

हे घरी करून पाहता येतं, आणि पाहावंच. कोणत्याही प्रोग्रॅमिंग भाषेत दहा-बारा ओळी पुरतात. एक संख्या अंतराच्या निम्म्यावर ठेवा, म्हणजे २ च्या गल्लीत १ वर. वेळेची पायरी ०.००१ सेकंद घ्या. प्रत्येक पायरीला त्या संख्येत दोन गोष्टी मिळवा: वेग गुणिले ०.००१, आणि सरासरी शून्य व प्रमाण विचलन १ असलेली एक यादृच्छिक संख्या गुणिले ०.००१ चं वर्गमूळ, म्हणजे ०.०३१६. संख्या २ च्या वर गेली तर उत्तर बरोबर, ० च्या खाली गेली तर चूक. किती पायऱ्या झाल्या ते नोंदवा, वर ०.३ सेकंद मिळवा, आणि हे १०,००० वेळा करा.

वर्गमूळ घ्यायचं विसरणं ही सगळ्यात सर्रास चूक आहे. ती लगेच ओळखू येते: झोकांडी तीसेक पटींनी लहान होते, एकही उत्तर चुकत नाही आणि प्रत्येक फेरी १ सेकंदाच्या आसपास संपते. दुसरी चूक लपून राहते. पायरी ०.०१ सेकंदाची घेतली तर संख्या भिंत ओलांडून पुढे गेल्यावरच आपल्याला कळतं, त्यामुळे गल्ली असते त्याहून रुंद वाटते आणि ठरवायचा वेळ ०.७६ ऐवजी ०.८३ च्या आसपास येतो. ०.००१ च्या पायरीलाही तो ०.७८ च्या घरात येईल, तेवढं चालतं. तिसरी चूक कोडमध्ये नसते, वाचनात असते. काही शोधनिबंध झोकांडीचं माप १ धरतात, काही ०.१. दुसऱ्या पद्धतीत सगळे वेग आणि अंतरं दहा पटींनी लहान दिसतात. एका निबंधातलं ०.२ आणि दुसऱ्यातलं २ ही एकच सावधगिरी असू शकते.

फेऱ्यांच्या वेळांचा आलेख काढला की त्याची शेपटी उजवीकडे लांबलेली दिसते: बरीच उत्तरं चटकन, थोडी फार उशिरा. खऱ्या माणसांचे वेळही असेच पसरतात. म्हणून जाणकार नुसत्या सरासरीला मॉडेल जुळवत नाहीत. बरोबर आणि चूक उत्तरांचे वेळ वेगळे करून प्रत्येकाचे १०, ३०, ५०, ७० आणि ९० टक्क्यांवरचे वेळ जुळतायत का ते पाहतात. इथे साधं मॉडेल तोकडं पडतं. त्याच्या हिशेबाने चूक उत्तर द्यायला बरोबर उत्तराइतकाच वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात "नीट पाहून सांगा" म्हटलं की चुका सावकाश येतात, "पटकन सांगा" म्हटलं की झटकन. पुराव्याचा वेग फेरीगणिक थोडा बदलतो असं धरलं की सावकाश चुका समजतात. सुरुवातीची जागा फेरीगणिक बदलते असं धरलं की झटपट चुका समजतात.

मेंदूत हे खरंच घडतं का

थोडक्यात: काही भाग पक्का आहे, काही वादात आहे. स्टॅनफर्डमध्ये विल्यम न्यूसम आणि सहकाऱ्यांनी माकडांना हीच ठिपक्यांची चाचणी शिकवली. हालचाल टिपणाऱ्या, एमटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातली एकेक पेशी दिशा ओळखण्यात कित्येकदा अख्ख्या माकडाइतकीच अचूक निघाली. १९९० मध्ये त्यांनी तिथे अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला आणि माकडांचा निर्णय त्या पेशींच्या आवडत्या दिशेकडे, म्हणजे ज्या दिशेच्या ओघाला त्या सगळ्यात जोरात प्रतिसाद देतात तिकडे, झुकला. दिसणं बदललं की निवड बदलते, याचा यापेक्षा थेट पुरावा मिळणं कठीण.

नंतर मायकेल शॅडलन यांच्या कामात एलआयपी या मेंदूच्या दुसऱ्या भागातल्या पेशींची सक्रियता पुरावा साठावा तशी चढत जाताना दिसली, आणि वाटलं की गल्लीतला तो माणूस सापडला. पण २०१६ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी हे दोन भाग तात्पुरते बंद करून पाहिले. एमटी बंद केल्यावर माकडांची कामगिरी ढासळली. एलआयपी बंद केल्यावर फारसा फरक पडला नाही. मॉडेल वर्तन अचूक वर्तवतं, म्हणून मेंदूत अमुक एका ठिकाणी ते जसंच्या तसं चालतंय असं होत नाही.

वेफर की चॉकलेट

ठिपक्यांना बरोबर उत्तर असतं. खाऊच्या दोन पुड्यांमध्ये नसतं, तिथे आवड असते. तरीही तेच मॉडेल चालेल का? कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठात इयान क्रायबिच, कॅरी आर्मेल आणि अँटोनियो रँगेल यांनी २०१० मध्ये हे तपासलं. ३९ विद्यार्थ्यांना काही तास उपाशी राहून यायला सांगितलं. ७० खाद्यपदार्थांना उणे १० ते अधिक १० असे गुण द्यायला लावले. नंतर दोन-दोन पदार्थ पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला दाखवून १०० वेळा निवड करायला लावली, आणि त्या वेळी नजर कुठे आहे ते आय ट्रॅकरने टिपलं.

जुन्या मॉडेलमध्ये त्यांनी एकच भर घातली. ज्या पदार्थाकडे आत्ता नजर आहे त्याची किंमत पूर्ण धरायची, आणि ज्याच्याकडे नाही त्याची कमी करून. किती कमी, तर आकड्यांना सगळ्यात चांगलं जुळणारं उत्तर ०.३ निघालं. म्हणजे नजरेआडच्या पदार्थाची किंमत तीस टक्केच उरते.

हिशेब करून पाहू. त्यांच्या मापात भिंती अधिक १ आणि उणे १ वर आहेत, आणि दर मिलिसेकंदाला पुरावा ०.०००२ गुणिले किमतींमधला फरक इतका सरकतो. दोन्ही पदार्थांना ५ गुण आहेत असं धरा. डावीकडे पाहताना फरक ५ वजा १.५, म्हणजे ३.५, आणि सरक ०.०००७. उजवीकडे पाहताना तेवढीच, उलट दिशेने. डावीकडे ६०० मिलिसेकंद आणि उजवीकडे ३०० पाहिलं तर निव्वळ झुकाव ०.२१ डावीकडे. तेवढ्याच ९०० मिलिसेकंदांत झोकांडी ०.६ पर्यंत सहज नेते. म्हणून नजर निवडीला ढकलते, पण ती एकटी निवड ठरवत नाही.

आता डावीकडे २ गुणांचा पदार्थ, उजवीकडे ६ गुणांचा. उजवीकडे पाहताना सरक ०.००१०८. डावीकडे पाहताना २ वजा १.८, म्हणजे सरक जेमतेम ०.००००४. कमी आवडीच्या पदार्थाकडे नजर असेपर्यंत निर्णय जागच्या जागी थांबल्यासारखा होतो. जाहिरातवाल्यांना हवं असलेलं सोपं सूत्र, "नजर खेचा की विक्री झाली", इथे टिकत नाही. आणि गुण उणे असतील तर हिशेब उलटतो: नकोशा वस्तूकडे जितकं जास्त पाहावं तितकी ती मागे पडते.

इथे साहजिक शंका येते. आवडतं म्हणून पाहतो, की पाहतो म्हणून आवडतं? आय ट्रॅकरच्या नोंदीवरून हे सुटत नाही. माणूस शेवटी ज्याच्याकडे पाहतो तेच बहुधा निवडतो, पण निवड आधीच झालेली असेल आणि नजर नंतर तिकडे गेली असेल, असंही असू शकतं. म्हणून नजरेचा वेळ प्रयोग करणाऱ्याने ठरवायला हवा. आर्मेल आणि रँगेल यांच्या गटाने २००८ मध्ये तेच केलं होतं: एक पदार्थ दर वेळी ९०० मिलिसेकंद दाखवायचा, दुसरा ३००, आलटून पालटून. जास्त वेळ दाखवलेल्या आवडत्या वस्तू जास्त वेळा निवडल्या गेल्या, नावडत्या वस्तू कमी वेळा. परिणाम खरा आहे. मोठा मात्र नाही.

पुढचा वाद अधिक बारीक आहे. नजर किमतीला गुणते, की किमतीत ठरावीक भर घालते? गुणत असेल तर ५ आणि ५ च्या जोडीपेक्षा ९ आणि ९ च्या जोडीत नजरेचा जोर जवळजवळ दुप्पट हवा, आणि निर्णयही लवकर व्हायला हवा. नुसती भर घालत असेल तर दोन्ही जोड्यांत फरक पडू नये. आजवरचे निकाल बरेचसे गुणाकाराच्या बाजूने आहेत, पण दोन्हींची सरमिसळ दिसलेलीही आहे.

तिसरा पर्याय आला की

बाजारातल्या निवडीबद्दल एक जुना निष्कर्ष आहे. दोन पर्यायांत मन हेलकावत असताना तिसरा असा ठेवला, की तो एकापेक्षा उघडच वाईट आहे पण दुसऱ्याशी त्याची सरळ तुलना होत नाही, तर ज्याच्यापेक्षा तो वाईट आहे त्याची निवड वाढते. ह्युबर, पेन आणि पुटो यांनी १९८२ मध्ये हे दाखवलं. बराच काळ समज असा होता की हा विचारांचा घोळ आहे, लोक मनाशी कारणं जुळवतात म्हणून होतो.

२०१३ मध्ये जेनिफर ट्रूब्लड आणि सहकाऱ्यांनी तीन आयत दाखवून विचारलं, यात क्षेत्रफळ कोणाचं जास्त? इथे किंमत नाही, ब्रँड नाही, कारणं द्यायला वाव नाही. तरीही उंच आयताजवळ त्याच्यासारखाच पण थोडा लहान आयत ठेवला की उंच आयत जास्त वेळा निवडला गेला. म्हणजे घोळ तुलनेच्या पातळीवरच सुरू होतो. पण हेही सरसकट नाही. पुढच्या काही प्रयोगांत, २०१८ मधल्या एका कामात विशेष ठळकपणे, आयतांची मांडणी बदलल्यावर परिणाम उलटा झाला आणि चांगल्या आयताची निवड घटली. पर्याय कोणते आहेत एवढंच पुरत नाही, ते पडद्यावर कुठे आहेत यावरही तुलना अवलंबून असते. "तिसरा उघडच वाईट पर्याय ठेवा म्हणजे त्याच्यापेक्षा चांगला खपतो" असा सल्ला छातीठोकपणे देणाऱ्यांनी हे निकाल जरूर पाहावेत.

आकडे जुळवताना

प्रत्येक अडचण-पातळीला शंभर-दोनशे फेऱ्या तरी हव्यात. चुका मोजक्याच असतील, समजा २०० पैकी ४, तर भिंतींमधलं अंतर आणि पुराव्याचा वेग वेगळे काढता येत नाहीत. चुका या मॉडेलला अडथळा नाहीत, माहिती आहेत. म्हणून फार सोपी चाचणी निरुपयोगी ठरते.

२०० मिलिसेकंदांच्या आत आलेली उत्तरं पाहून दिलेलीच नसतात, ती काढून टाकतात. वरची मर्यादा ठरवताना हात आखडता घ्यावा, कारण लांब शेपटी हा मॉडेलचाच भाग आहे. ती छाटली तर सावधगिरी कमी असल्याचा भास होतो. आणि खऱ्या आकड्यांना हात लावण्याआधी एक तालीम करावी: स्वतःला माहीत असलेल्या किमती घालून खोटे आकडे तयार करायचे, त्यांना मॉडेल जुळवायचं आणि त्याच किमती परत मिळतात का ते पाहायचं. नाही मिळाल्या तर खऱ्या माणसांच्याही मिळणार नाहीत.

कल कुठला, हे ओळखण्याची युक्ती विशेष उपयोगी आहे. समजा दहातल्या सात फेऱ्यांत उत्तर "डावं" असतं हे लोकांना ठाऊक आहे आणि ते डावीकडे झुकतात. त्यांना डावी हालचाल खरोखर जास्त जाणवते, की ते आधीच डाव्या भिंतीजवळ उभे आहेत? सगळ्या फेऱ्या वेळेप्रमाणे लावून पाच भाग करा आणि प्रत्येक भागात "डावं" चं प्रमाण पाहा. झुकाव झटपट उत्तरांत जास्त आणि सावकाश उत्तरांत विरत गेलेला असेल, तर तो सुरुवातीच्या जागेचा आहे. सगळ्या भागांत टिकून असेल, तर पुरावा गोळा होतानाच वाकतोय. शक्यतांची आगाऊ माहिती दिली की बहुतेक वेळा पहिला प्रकार दिसतो.

या फोडीचा सगळ्यात मोलाचा उपयोग, आमच्या मते, वयाच्या प्रश्नावर झाला. वय वाढलं की माणूस अशा चाचण्यांत हळू होतो, आणि त्यावरून मेंदू एकंदर मंदावतो असा निष्कर्ष बरीच वर्षं काढला जात होता. रॅटक्लिफ, अंजली थापर आणि गेल मकून यांनी २००० नंतरच्या दशकात साठी-सत्तरीतल्या माणसांची विद्यार्थ्यांशी तुलना केली. पडदा उजळ की गडद हे ओळखण्याच्या चाचणीत ज्येष्ठांच्या पुराव्याचा वेग तरुणांपेक्षा कमी नव्हता. त्यांचा उशीर आला होता भिंती लांब ठेवण्यातून आणि निर्णयाबाहेरच्या वेळातून. अक्षर क्षणभर दाखवून झाकण्याच्या चाचणीत मात्र पुराव्याचा वेगही खरोखर कमी निघाला. त्यामुळे आजोबा उत्तर उशिरा देतायत, तेव्हा त्यांना कमी दिसतंय, चूक नको म्हणून ते थांबतायत की बोट हळू हलतंय, हे वेळेच्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी शेकडो फेऱ्या लागतात, त्यांतल्या चुका लागतात, आणि "घाई करा" व "सावकाश सांगा" या दोन्ही सूचनांखाली तीच चाचणी पुन्हा घ्यावी लागते. घाईच्या सूचनेनंतर वेळ झपाट्याने खाली आला, तर त्यांनी भिंती लांब ठेवल्या होत्या. फारसा आला नाही, तर उशीर डोळ्यांत किंवा हातात शोधायचा.